मुलीसाठी नाव हवं: जुनं, पण वर्गात दुसरं नसलेलं

नाव जुनं हवं आणि ते कुणाचं नसावं, या दोन अटी एकत्र आल्या की बहुतेक घरांत फोनवर नावांच्या याद्या उघडल्या जातात. या याद्यांवर फार विसंबू नये. तिथे दोन-तीन गोड अक्षरं जोडून तयार केलेल्या कुठल्याही नावापुढे ‘लक्ष्मीचं एक नाव’ किंवा ‘देवाची कृपा’ असा अर्थ लिहून टाकलेला असतो. संस्कृत म्हणून दिलेली कित्येक नावं संस्कृतात नाहीतच. काही आहेत, पण त्यांचा अर्थ भलताच आहे. ‘तृषा’ गोड वाटतं खरं, पण तृषा म्हणजे तहान. ‘रोमशा’ हे ऋग्वेदातल्या एका ऋषिकेचं नाव म्हणून मोठ्या कौतुकानं सुचवलं जातं. रोमशा म्हणजे अंगावर भरपूर केस असलेली, आणि पहिल्या मंडलातली तिची ऋचा नेमकी त्याबद्दलच आहे.

म्हणून नाव आवडलं की आधी कोश उघडायचा. संस्कृत शब्दासाठी आपटे किंवा मोनियर-विल्यम्स, मराठी शब्दासाठी मोल्सवर्थ किंवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. पुराणातली किंवा महाकाव्यातली व्यक्ती असेल तर चित्रावशास्त्र्यांचा प्राचीन चरित्रकोश. शब्दकोश इंटरनेटवर फुकट शोधता येतात, एका नावाला पाच मिनिटं पुरतात. कोशात शब्द सापडला नाही तर तो शब्द कुठून आला हे सांगणारा माणूस शोधा. तोही सापडला नाही तर नाव जुनं नाही, एवढं नक्की. नवं नाव ठेवायला कुणाची ना नाही, फक्त त्याला पारंपरिक म्हणू नये.

खरी जुनी नावं याद्यांत नसतात, ती आपल्याच इतिहासात पडून आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे. गौतमी हे नाव आपण उचललं, पण ते तिचं गोत्रावरून आलेलं नाव. तिचं स्वतःचं नाव बलश्री, आणि ते आज क्वचितच कुणी ठेवतं. उच्चार सोपा, शेवट दीर्घ, अर्थ स्वच्छ. नाणेघाटातल्या लेखातली सातवाहन राणी नागनिका, वाकाटकांचा कारभार मुलाच्या वतीनं पाहणारी प्रभावती, सातवाहन हालाच्या नावावर असलेल्या प्राकृत गाथासंग्रहातल्या कवयित्री रेवा, माधवी, शशिप्रभा आणि अनुलक्ष्मी. रेवा आता बरंच रुळलंय, अनुलक्ष्मी अजून तसंच आहे.

विदर्भाचं तर वेगळंच. महाकाव्यांत आणि काव्यांत विदर्भाच्या लेकी मोजायला बसलं तर अख्खा पाळणा भरतो: दमयंती, रुक्मिणी, रघुवंशातली इंदुमती, कालिदासाच्या नाटकातली मालविका, आणि महाभारतातल्या कथेप्रमाणे विदर्भराजाच्या घरी वाढलेली लोपामुद्रा. नागपूर-अमरावतीकडच्या घराला नावाचं मूळ शोधायला दूर जायची गरज नाही. यातलं मालविका मला सगळ्यांत उजवं वाटतं. त्याच नाटकातल्या अग्निमित्राच्या दोन राण्या धारिणी आणि इरावती. इरावती हे नाव महाराष्ट्राला इरावती कर्वे यांच्यामुळे माहीत आहे. त्यांचा जन्म ब्रह्मदेशातला आणि नाव तिथल्या नदीवरून ठेवलेलं. धारिणी मात्र जवळजवळ कुणीच ठेवत नाही.

भवभूतीच्या उत्तररामचरितात दुसऱ्या अंकात आत्रेयी येते. वाल्मीकींच्या आश्रमात लव-कुश इतके हुशार निघाले की त्यांच्या बरोबरीनं शिकणं तिला जमेना, म्हणून ही बाई वेदान्त शिकायला दंडकारण्यात अगस्त्यांकडे निघाली आहे. मुलीच्या नावामागे सांगायला याहून चांगली गोष्ट कुठली? एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: स्मृतींमध्ये आत्रेयी हा शब्द रजस्वला स्त्रीसाठीही येतो. एखादा संस्कृत जाणणारा काका बारशाच्या जेवणात हे सांगणारच. अडचण मानायचं कारण नाही, पण उत्तर तयार असावं.

संतांच्या घरांतली नावं हा दुसरा साठा. मुक्ता, जनी आणि सोयरा सगळ्यांना माहीत, चोखोबांची बहीण निर्मळा त्यामानानं मागे पडली. नामदेवांच्या घरात गोणाई, राजाई, लाडाई, लिंबाई. तुकोबांची आई कनकाई. महानुभावांकडे महदाइसा, उमाइसा, आबाइसा. यातली कित्येक नावं आहेत तशी आज चालणार नाहीत, पण मागचं ‘बाई’, ‘आई’ किंवा ‘आइसा’ काढलं की कधी कधी झकास नाव उरतं. सईबाईची सई अशीच झाली आणि आता प्रत्येक वर्गात एक तरी असते. राही-रखुमाईतली राहीही त्याच वाटेनं आली. कनका, सगुणा, गुणवंता ही तशी निघू शकतील अशी नावं. सगुणाबाई आणि गुणवंताबाई या शिवाजी महाराजांच्या राण्या. त्यांच्याच दुसऱ्या राणीचं पुतळाबाई हे नाव मात्र बाई काढली की रस्त्याच्या चौकात उभं राहतं.

ही चाळणी सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच लोक विसरतात: संस्कृतात सुंदर असलेला शब्द आजच्या बोलीभाषेत काय ऐकू येतो? भवभूतीच्याच नाटकात मुरला नावाची नदी पात्र म्हणून येते. मराठी शाळेत ‘आंबा मुरला का?’ हे ऐकायला आठवडा लागणार नाही. घोषा ही ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या दोन सूक्तांची ऋषिका, पण कानाला ते ‘घोशा लावलाय नुसता’ यातलं घोशा वाटतं. अपाला आठव्या मंडलातली, नाव सुरेखच, पण फोनवर दर वेळी ‘आपला’ असं ऐकलं जातं. आणि तिच्या सूक्ताभोवतीची कथा त्वचारोगाची आहे म्हणून आजीची नापसंतीही धरून चला. सूर्या हे विवाहसूक्तातल्या वधूचं नाव, पण महाराष्ट्राबाहेर ते मुलाचं समजलं जाईल. ‘मिशा’ ठेवणाऱ्यांनी आरशात बघावं, एवढंच. वेदातल्या नावांत विश्ववारा मात्र टिकतं. पाचव्या मंडलातली ही आत्रेय कुळातली ऋषिका. लाडानं विशू झाली तरी बिघडत नाही.

नद्यांचंही तेच. महाबळेश्वरच्या कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाचांतल्या चार नावाजलेल्या, वेण्णा शिल्लक. आंबोलीला उगम पावणारी हिरण्यकेशी आणि बीडमधून वाहणारी बिंदुसरा ही ऐकताच थांबवणारी नावं आहेत. प्रवरा चांगलं. मांजरा आणि मुठा का नको हे सांगायला नको. वैतरणा गोड असली तरी यमलोकाच्या वाटेवरची वैतरणी एका मात्रेवर उभी आहे. नीरा ठेवणार असाल तर हमरस्त्यावरच्या ‘थंडगार नीरा’ या पाट्या कायमच्या सोबतीला असतील. देवीच्या नावांत लोणारची कमळजा आणि कोकणातली सातेरी ही अनवट. शिवनेरीची शिवाई सुंदर होतीच, पण 2022 पासून एसटीची विजेवर चालणारी बसही शिवाई आहे. फुलांबद्दल काय बोलायचं? सायली, जुई, प्राजक्ता, अबोली, केतकी सगळ्या झाल्या. शेफालिका आणि नेवाळी कुणाला आवडत असतील तर आहेत.

रामायणात उर्मिलेच्या पुढे लोक जात नाहीत. मांडवी आहे (गोव्यातली नदीही), दशरथाची मुलगी शांता आहे, आणि किष्किंधाकांडात भुकेल्या वानरांना गुहेत जेवू घालणारी तपस्विनी स्वयंप्रभा आहे. महाभारतातली तपती ही सूर्यकन्या आणि कुरूची आई, तापी नदीशी तिचं नातं जोडलं जातं. खानदेशातल्या घराला हे नाव शोभेल. चिडवताना ‘तापट’ म्हणतील, हे धरून चालायचं.

जुनं म्हणून सगळंच उचलावं असंही नाही. नकोशी, धोंडी, भिकी हीसुद्धा पारंपरिकच नावं होती: कुणी मुलगी नको म्हणून ठेवलेली, कुणी दृष्ट लागू नये म्हणून. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात नकुशा नावाच्या मुलींना नवी नावं देण्याचा सरकारी कार्यक्रमच झाला होता.

पत्रिका, अक्षर आणि ‘शास्त्रात बसत नाही’

जन्मनक्षत्रावरून नावाचं पहिलं अक्षर ठरवणाऱ्या अवकहडा चक्रात 27 नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, म्हणजे 108 अक्षरं. रोहिणीला ओ, वा, वी, वू; स्वातीला रू, रे, रो, ता; अनुराधाला ना, नी, नू, ने. चंद्र एका चरणात साधारण सहा तास असतो. त्यामुळे जन्मवेळ दहा-पंधरा मिनिटं मागेपुढे झाली तरी बहुधा अक्षर बदलत नाही. चरणाच्या सीमेवर जन्म असेल तर मात्र बदलतं. दोन पंचांगांत दोन अक्षरं निघाली की घरात वाद पेटतो, तेव्हा कारण बहुतेक वेळा हेच असतं. आर्द्रा, हस्त आणि उत्तराभाद्रपदा या नक्षत्रांत ङ, ण, ञ ही अक्षरं येतात. त्यांवरून नाव सुरूच होत नाही. त्यासाठी जुनी तोड आहे: ङ ऐवजी ग, ञ ऐवजी ज, ण ऐवजी ड.

पण मुळात हे अक्षर जन्मनावासाठी आहे, दाखल्यावरच्या नावासाठी नाही. नामकरण संस्कारात चार नावं सांगितली आहेत: कुलदेवतेवरून, महिन्यावरून, नक्षत्रावरून आणि व्यवहाराचं. घरातला तिढा सोडवायला ही व्यवस्था फार उपयोगी पडते. आजीला पणजीचं नाव हवंय, गुरुजींना ‘ङ’चं, आईवडिलांना धारिणी. ताटात पसरलेल्या तांदळावर अंगठीनं चारही नावं लिहा, आत्या पाळण्यापाशी कानात ‘कुर्रर्र’ करून जे सांगायचं ते सांगेल, नोंदणीला जाईल ते धारिणी. कुणाचं मन मोडत नाही आणि शास्त्रालाही धरून राहतं.

‘शास्त्रात बसत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी थोडी माहिती. पारस्कर गृह्यसूत्रात मुलीच्या नावाची अक्षरं विषम संख्येची आणि शेवट आकारान्त असावा असं आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलीचं नाव उच्चाराला सोपं, कठोर नसलेलं, स्पष्ट अर्थाचं आणि दीर्घ स्वरानं संपणारं असावं म्हटलंय. तिसऱ्या अध्यायात मात्र नक्षत्र, झाड किंवा नदीचं नाव असलेली मुलगी बायको करू नये, असंही आहे. महाराष्ट्रातल्या रोहिणी, तुळसा आणि गोदावरींनी ते कधी मनावर घेतलेलं दिसत नाही. तेव्हा नियम निवडूनच पाळले जातात. त्यातला उच्चार सोपा आणि शेवट दीर्घ असावा हा भाग मात्र खरोखर कामाचा आहे, कारण तो हाक मारण्याशी जोडलेला आहे. दीर्घ स्वर लांबवून तिसऱ्या मजल्यावरून हाक मारता येते. मृणाल, कोमल यांची हाक ‘ल’वर येऊन अडते.

तोंडात बसतं का

नाव पक्कं करण्याआधी ते विभक्ती लावून म्हणून बघा. ही कसोटी कुठल्याच यादीत नसते. शची छान आहे, पण ‘शचीची वही’, ‘शचीचा डबा’ रोज म्हणावं लागेल. ऋचाचा, प्राचीची, रुचीची, सगळीकडे तोच अडथळा. ल-नं संपणारी नावं ‘ला’ लागला की जड होतात: मृणालला. आकारान्त नावांत जुनी माणसं ‘बिंदुसरेला’ म्हणतील आणि तरुण ‘बिंदुसराला’. दोन्ही कानाला बरी लागतात का ते पाहा. ‘अगं’ लावून पाहा. आडनाव जोडून पाहा: पहिल्या नावाचं शेवटचं अक्षर आणि आडनावाचं पहिलं अक्षर एकच असेल तर दोन्ही शब्द एकमेकांत विरघळतात.

तीन अक्षरांच्या पुढचं नाव घरात तुटणारच. लोपामुद्राची लोपा होते, आणि लोप म्हणजे नाहीसं होणं. मुद्रा केलंत तर निभावतं. हिरण्यकेशीचं काय करायचं हे आईवडिलांनी आधीच ठरवावं, नाहीतर शाळा ठरवते. जोडाक्षरं एक, फार तर दोन. श्रुतकीर्ती पहिलीतल्या मुलीला स्वतःच्या वहीवर लिहायचंय, हे विसरू नका.

आणि फोनवर एखाद्या अनोळखी माणसाला, कुरियरवाल्याला किंवा गॅसच्या कार्यालयात, नाव एकदाच सांगून पाहा. दुसऱ्यांदा सांगावं लागलं तरी चालेल, तिसऱ्यांदा अक्षरं फोडून सांगावी लागली तर तो त्रास मुलीला जन्मभर आहे.

रोमन लिपीचा घोळ

मराठी नाव मराठीत कितीही नेटकं असो, आधार आणि पासपोर्टवर ते रोमन लिपीत जातं. तिथे ळ आणि ल, ण आणि न, ऱ्हस्व आणि दीर्घ यांतला फरक मिटतो. कमळजाची कमलजा होते. सगळ्यांत वाईट गत शेवटच्या ‘आ’ची. रमा एका ‘ए’नं लिहिलं की बाहेरचे ‘राम’ वाचतात. कृष्णा, आर्या, चित्रांगदा या मुली कागदावर कृष्ण, आर्य, चित्रांगद होतात आणि पत्रावर ‘श्री.’ येतं. शेवटी दुहेरी ‘ए’ लिहिणं हा उपाय आहे, पण तो पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत तसाच ठेवला तरच. ज्ञ साठी महाराष्ट्रात डी-एन-वाय लिहितात, उत्तरेत जी-वाय. आपल्या पद्धतीनं लिहा, पण एकदाच ठरवा. ऋ साठी आर-यू की आर-आय हेही तसंच. अंकशास्त्रासाठी मध्येच एखादं जादा अक्षर घुसवू नये. जन्मदाखल्यावर एक आणि लसीकरणाच्या कार्डावर दुसरं स्पेलिंग असलं की पुढे आधार, शाळा आणि पासपोर्ट या तिन्ही ठिकाणी प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं.

देवनागरीतही चुका होतात. कृत्तिकामध्ये त दुहेरी आहे, ‘कृतिका’ हे नक्षत्र नाही. मराठीत शेवटची वेलांटी दीर्घ: अदिती, अरुंधती, श्रुतकीर्ती. संस्कृत पुस्तकातून ऱ्हस्व उचलून आणू नका.

नोंदणीला घाई करू नका

जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, नावाची नाही. नावाची जागा रिकामी ठेवून जन्म नोंदवता येतो. 1969च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखालच्या नियमांप्रमाणे नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं आणि त्यानंतर विलंबशुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. दवाखान्यात फॉर्म भरणारा ‘नाव काय लिहू?’ विचारतो तेव्हा दडपणाखाली अर्धवट ठरलेलं नाव सांगणं हीच नेहमीची चूक. एकदा नोंदवलेलं नाव बदलणं वेगळं आणि कठीण. कायद्याच्या कलम 15 मध्ये चूक दुरुस्त करता येते, विचार बदलला म्हणून नाव बदलता येत नाही. पुढे राजपत्रात नावबदल छापून घेण्याची वाट आहे, पण मग जुना दाखला आणि नवं राजपत्र दोन्ही कायम बाळगायचे. 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा धरला जातो, म्हणून त्यावरचं अक्षरन् अक्षर आता जास्त मोलाचं आहे.

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावाचा सरकारी क्रम बदलला: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. (नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्र आणि वासिष्ठीपुत्र म्हणवणाऱ्या राजांना यात काही नवल वाटलं नसतं.) त्यामुळे पूर्ण नाव आता चार शब्दांचं असतं. हिरण्यकेशीपुढे आईचं पाच अक्षरी आणि वडिलांचं चार अक्षरी नाव आलं तर परीक्षेच्या अर्जातले चौकोन संपतात. पूर्ण नाव एका ओळीत लिहा, मोठ्यानं वाचा, आद्याक्षरं काढून त्यातून नको तो शब्द होत नाही ना ते बघा.

नाव घालायला जाताना ते छापील अक्षरांत, मराठी आणि रोमन दोन्ही लिप्यांत कागदावर लिहून न्या, तोंडी सांगू नका. पक्का दाखला छापण्याआधी पडद्यावरची नोंद दाखवायला सांगा आणि दोन्ही लिप्यांतलं नाव शेजारी ठेवून एकेक अक्षर बोटानं तपासा. आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंगही त्यांच्या स्वतःच्या आधारशी तिथेच जुळवून घ्या.